कुंभकोणमच्या आईचं गाऱ्हाणं

१९०५ च्या सुमाराची गोष्ट. तंजावर जिल्ह्यातल्या कुंभकोणम गावी, कावेरीकाठच्या सरकारी कॉलेजात एक बाई प्राचार्यांना भेटायला गेल्या. चांगल्याच संतापल्या होत्या. त्यांच्या मुलाची शिष्यवृत्ती कॉलेजाने बंद केली होती. गणितात त्याच्या पासंगालाही कुणी पुरत नाही, मग त्याची शिष्यवृत्ती काढताच कशी, असा त्यांचा सवाल होता. प्राचार्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की मुलगा इंग्रजी निबंधाच्या पेपरात नापास झाला आहे, आणि नियम तो नियम. बाई आल्या तशा परत गेल्या.

त्यांचं नाव कोमलतम्माळ. मुलाचं नाव श्रीनिवास रामानुजन. रॉबर्ट कानिगेल यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या रामानुजनच्या चरित्रात ही भेट आली आहे. एरवी रामानुजनवरच्या लेखांत त्याची कुलदेवता नामगिरी येते, केंब्रिजचा गणिती हार्डी येतो, टॅक्सीचा १७२९ हा नंबर तर हटकून येतो. त्याची आई प्राचार्यांच्या खोलीत भांडायला गेली होती, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मला त्या चरित्रातली हीच जागा सर्वांत आजची वाटते. वार्षिक परीक्षेचा निकाल लागला की आपल्याकडच्याही शाळांत मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर अशी एखादी आई बसलेली दिसते. मुलगा एका विषयात वर्गाच्या तीन इयत्ता पुढे, दुसऱ्या विषयात काठावर, आणि शाळेचं म्हणणं एकच: सगळ्यांना जे, तेच तुमच्या मुलाला.

कोमलतम्माळ हरल्या. पण आठ वर्षांनी त्याच मुलासाठी, त्याच उणिवेवरून, मद्रास विद्यापीठात पुन्हा वाद झाला आणि तो जिंकला गेला. या वेळी मागणी पहिल्यापेक्षा मोठी होती. मुलगा तोवर आणखी दोनदा नापास झालेला होता. म्हणजे कागदावर त्याची बाजू १९०५ पेक्षा कमजोर होती. तरीही जमलं. ते कसं जमलं, हे हुशार मुलाच्या आईबापांनी बारकाईने पाहण्यासारखं आहे.

आधी शाळेचं पाहू, कारण शाळेने या मुलाला बरंच सांभाळलं होतं. रामानुजनचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आजोळी इरोडला. वाढला कुंभकोणममध्ये, सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरच्या घरात. वडील श्रीनिवास अय्यंगार कापडाच्या दुकानात कारकून, पगार महिन्याला वीसेक रुपये. आई देवळात भजनं म्हणायची, त्याचे चार पैसे यायचे. शिवाय घरात शिकणारी मुलं भाडेकरू म्हणून ठेवलेली असत. (कुंभकोणम म्हटलं की मराठी माणसाला पितळेची भांडी आणि डिग्री कॉफी आठवते. पण हा मुलूख १८५५ पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या नावाशी जोडलेला होता, आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली याच गावात जन्मले. तिथल्या कारकुनी आणि वकिली घरांतून मराठी बोलली जायची.)

लहानपणी रामानुजन शाळेला कंटाळणारा मुलगा होता. काही काळ मद्रासला आजोबांकडे होता तेव्हा तर तो शाळेत जावा म्हणून घरच्यांनी गल्लीतल्या पोलीस शिपायाकडून त्याला दटावून घेतलं होतं. पुढे कुंभकोणमच्या कांगेयन प्राथमिक शाळेत बसला आणि १८९७ च्या प्राथमिक परीक्षेत तंजावर जिल्ह्यात पहिला आला. त्यामुळे टाउन हायस्कूलची फी अर्धी झाली. १८९८ ते १९०४ तो तिथे होता. त्या शाळेने काय केलं पाहा. गणिताचे ज्येष्ठ शिक्षक गणपती सुब्बय्यर यांनी शाळेचं वेळापत्रक लावायचं काम त्याच्यावर टाकलं. बाराशे विद्यार्थी, तीन डझनांच्या आसपास शिक्षक, आणि कुणाचा तास कुणाच्या तासावर येता कामा नये. वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना विचारा, हे काम किती डोकेदुखीचं असतं. शाळेला त्या कामाचा उपयोग होता आणि मुलाला डोकं खुपसायला जागा मिळत होती. कुणी अर्ज केला नव्हता, कुठलं शासकीय परिपत्रकही नव्हतं. एका शिक्षकाला हा मुलगा वर्गात रिकामा बसलाय हे दिसलं, एवढंच. १९०४ च्या बक्षीस समारंभात मुख्याध्यापक कृष्णस्वामी अय्यर यांनी त्याला गणिताचं के. रंगनाथराव पारितोषिक देताना सांगितलं की याला पूर्णपैकी पूर्ण गुणांहूनही जास्त द्यायला हवेत.

घरात राहणाऱ्या कॉलेजच्या मुलांनी त्याला एस. एल. लोनी यांचं त्रिकोणमितीचं पुस्तक मिळवून दिलं. तेराव्या वर्षाच्या आसपास त्याने ते पचवलं. मग १९०३ साली सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयातून जी. एस. कार यांचं जाडजूड संकलन हाती आलं, त्यात पाचेक हजार सिद्धांत, बहुतेकांना सिद्धतेचा पत्ता नाही. कार हे केंब्रिजच्या परीक्षांची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक, आणि ते पुस्तक म्हणजे त्यांच्या विद्यार्थ्यांची उजळणीची वही. रामानुजनने तीच वही गणिताचं शास्त्र म्हणून वाचली. प्रत्येक सूत्र स्वतः सिद्ध करत बसला, आणि निष्कर्ष लिहायचा, वाट लिहायची नाही, ही सवय त्याला तिथेच लागली. पुढे केंब्रिजमध्ये हार्डींना या सवयीशी बरंच झगडावं लागलं. हुशार मुलाला पुस्तक दिलं की झालं, असं समजणाऱ्या पालकांनी इथे थांबावं. पुस्तक मिळालं होतं. ते कसं वाचायचं हे सांगणारं माणूस मिळालं नाही.

सरकारी कॉलेजात तो शिष्यवृत्तीवर दाखल झाला आणि इथून गाडी घसरली. एफ.ए. म्हणजे आजच्या अकरावी-बारावीसारखा दोन वर्षांचा अभ्यासक्रम: इंग्रजी, संस्कृत, ग्रीस-रोमचा इतिहास, शरीरशास्त्र आणि गणित. सगळ्यांत पास व्हायला हवं. रामानुजन इंग्रजीच्या तासाला गणितच करायचा. इंग्रजी निबंधात गेला, शिष्यवृत्ती गेली, आईची प्राचार्यभेट वाया गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये तो घरात न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला, आणि घरच्यांना ‘द हिंदू’त मुलगा हरवल्याची जाहिरात द्यावी लागली. १९०६ मध्ये मद्रासच्या पच्चयप्पा कॉलेजात पुन्हा सुरुवात केली. तिथे शरीरशास्त्र आडवं आलं. त्या पेपरात त्याला दहा टक्केही मिळत नसत. तीन तासांचा गणिताचा पेपर मात्र तो अर्ध्या तासात सोडवून उठायचा. १९०६ आणि १९०७, दोन्ही वेळा एफ.ए. नापास. त्यानंतरची काही वर्षं नोकरी नाही, पदवी नाही, नीट जेवणाचीही खात्री नाही. अठरा ते पंचवीस हा वयाचा तुकडा गणितज्ञाच्या आयुष्यात निर्णायक असतो आणि नुकसान तिथेच झालं, असा हार्डींचा पुढचा निवाडा आहे. हार्डी असल्या बाबतीत भावुक होणारे नव्हते, म्हणून तो गंभीरपणे घ्यावा.

सांगणारे इथे प्राचार्यांना खलनायक करून मोकळे होतात. मला ते पटत नाही. त्या खोलीत प्राचार्यांच्या पुढ्यात काय होतं? एक नापासाचा निकाल आणि एक चिडलेली आई. आपला मुलगा अद्वितीय आहे असं सांगणाऱ्या आया प्राचार्यांनी त्याआधीही पाहिल्या असणार. आईच्या म्हणण्याला दुजोरा देणारा तिसरा माणूस खोलीत नव्हता. मुलाची वही टेबलावर नव्हती. ‘त्याच्यासाठी काय करा’ याऐवजी ‘असं कसं केलंत’ एवढाच प्रश्न होता, आणि तसल्या प्रश्नाला नियम हे एकच उत्तर येतं. खरं सांगायचं तर तिथे बोलायला हवं होतं टाउन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांनी वर्षापूर्वी व्यासपीठावरून त्या मुलाचं कौतुक केलं होतं. शाळा संपली की शाळेची जबाबदारी संपते, हा आपला जुना रिवाज. मुलाची खरी ओळख असलेला शिक्षक मागे राहतो आणि पुढच्या संस्थेत त्याची पाटी कोरी होऊन जाते.

आता १९१३ कडे येऊ. मधल्या काळात रामानुजनने स्वतःच दारं ठोठावली होती. १९१० मध्ये तो तिरुकोयिलूरला व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांना भेटला. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ मध्ये याच गृहस्थांनी सुरू केली. त्या सोसायटीचं ग्रंथालय, पुणेकरांना सांगायला हरकत नाही, फर्ग्युसन कॉलेजात होतं. रामस्वामी अय्यर यांनी वह्या पाहिल्या आणि पुढच्या ओळखी करून दिल्या. नेल्लोरचे कलेक्टर आर. रामचंद्र राव यांनी महिना २५ रुपये स्वतःच्या खिशातून दिले. १९११ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात बर्नुली संख्यांवरचा त्याचा पहिला निबंध छापून आला. १९१२ च्या मार्चमध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये ३० रुपयांवर कारकुनी मिळाली. तिथले वरिष्ठ एस. नारायण अय्यर स्वतः गणिताचे, आणि ट्रस्टचे अध्यक्ष सर फ्रान्सिस स्प्रिंग इंजिनिअर. जानेवारी १९१३ मध्ये त्याने हार्डींना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं. फेब्रुवारीत उत्तर आलं.

त्याच फेब्रुवारीच्या २५ तारखेला भारताच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रास बंदरात आले होते. वॉकर हे एकेकाळचे केंब्रिजचे सीनिअर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले. स्प्रिंगनी त्यांच्यापुढे रामानुजनची वही ठेवली. दुसऱ्याच दिवशी वॉकर यांनी विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना पत्र लिहिलं. या कामाचं स्वरूप केंब्रिजच्या कॉलेजातल्या फेलोच्या कामाशी तोलण्यासारखं आहे, आणि विद्यापीठाने या तरुणाला पोटापाण्याची काळजी न करता काही वर्षं गणितच करू द्यावं, असा त्या पत्राचा सारांश. १९ मार्चला गणिताच्या अभ्यासमंडळाने शिफारस केली: महिना ७५ रुपये, दोन वर्षांसाठी.

मग विद्यापीठाच्या सिंडिकेटपुढे, म्हणजे कार्यकारी मंडळापुढे, तोच जुना दगड आला. संशोधन शिष्यवृत्तीला एम.ए. लागतं, आणि इथे तर एफ.ए.सुद्धा नाही. आक्षेप नियमाला धरूनच होता. त्यावर मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश पी. आर. सुंदरम अय्यर यांनी जो मुद्दा काढला त्यावर मी हा लेख लिहितो आहे. ते म्हणाले की संशोधनाला उत्तेजन देणं हे विद्यापीठाचं एक काम आहे असं विद्यापीठाच्या कायद्याच्या प्रस्तावनेतच लिहिलं आहे ना? आणि शिक्षणात कितीही त्रुटी असल्या तरी हा मनुष्य संशोधक म्हणून सिद्ध झालेला आहे ना? त्यांनी नियम मोडा असं म्हटलं नाही. नियमाच्या वर बसलेला कायदा दाखवला. शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि मे १९१३ पासून रामानुजन विद्यापीठाचा विद्यार्थी-संशोधक झाला. अट एकच: दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल द्यायचा. त्याने पुढच्या दहा महिन्यांत असे तीन अहवाल दिले. मार्च १९१४ मध्ये तो ‘नेव्हासा’ बोटीने इंग्लंडला निघाला तो या पायरीवरून.

म्हणजे १९०५ मध्ये जे नव्हतं ते सगळं १९१३ मध्ये टेबलावर होतं. काम कसं आहे ते मुलाच्या नात्यातला नसलेला आणि विषय जाणणारा माणूस सांगत होता. मागणी आकड्यात होती आणि तिला मुदत होती, म्हणजे फसली तर दोन वर्षांत संपणारी होती. संस्थेला हिशेब मिळणार होता. आणि मंजुरी देणाऱ्याला स्वतःच्याच कायद्यात पाय ठेवायला जागा मिळाली होती. कुठल्याही मुख्याध्यापकाला, शिक्षणाधिकाऱ्याला शेवटी ही चौथी गोष्ट हवी असते. ‘उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?’ या त्याच्या धास्तीला उत्तर तयार ठेवलं तर निम्मं काम होतं.

आता आपल्या शाळेकडे. ‘बाई, ह्याला वर्गात कंटाळा येतो हो’ हे वाक्य शिक्षिकेने वर्षाकाठी वीस वेळा ऐकलेलं असतं, आणि त्यातल्या काही मुलांना कंटाळा येतो तो रात्री बारापर्यंत मोबाइल पाहिल्यामुळे. त्यामुळे कंटाळ्याचं गाऱ्हाणं घेऊन जाऊ नये. काम घेऊन जावं. मूल नेमकं कुठवर पोचलंय हे त्याच्या इयत्तेच्या पेपरवरून कळत नाही, कारण तिथे त्याला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव आणि शेजारच्या कष्टाळू मुलीलाही अठ्ठ्याण्णवच. १९७१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी यावर साधा उपाय काढला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना त्यांनी कॉलेजप्रवेशाची, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची गणिताची परीक्षा द्यायला लावली. त्यात प्रत्येकाची पातळी स्वच्छ वेगळी दिसली. आपल्याकडे हे घरीही करता येतं. पाचवीतल्या मुलाला आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा जुना पेपर वेळ लावून सोडवायला द्या. आठवीच्या मुलाला ऑलिंपियाडच्या पहिल्या पायरीचा. सोडवला तर तो पेपर फाइलला लावा. नाही सोडवला तर तेही बरंच कळलं, आणि शाळेत जायचा त्रास वाचला.

बुद्ध्यंकाचा दाखला मात्र हुकमाचा पत्ता समजू नये. लुइस टर्मन यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियात बुद्ध्यंक मोजून हजारावर हुशार मुलं निवडली आणि आयुष्यभर त्यांचा मागोवा घेतला. त्या चाचणीत जे निवडले गेले नाहीत त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ होते. दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने, जी आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठीच काढली, बुद्धीचा एक आकडा न धरता तिचे अनेक पैलू तपासायची पद्धत आणली, ती यासाठी. शाळेला दाखवायला मानसशास्त्रज्ञाचा अहवाल असेल तर उत्तम. पण मुलाच्या हातचं काम त्याच्यावर ठेवावं, खाली नव्हे.

काय मागायचं, हा पालकांचा सर्वांत कच्चा भाग. बहुतेक जण एक इयत्ता गाळून वर बसवा, एवढंच मागतात. ती सर्वांत अवघड मागणी आहे, कारण तिने हजेरीपट, वय, बोर्ड सगळंच हलतं. शिवाय मूल सगळ्या विषयांत सारखं पुढे असतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या, पुढे मोठा गणिती झालेल्या टेरेन्स टाओच्या आईवडिलांनी हे फार शहाणपणाने हाताळलं. मुलगा साडेतीन वर्षांचा असताना त्यांनी त्याला एका शाळेत घातलं. तो बसायला तयार नाही हे दिसल्यावर काही आठवड्यांत काढलं आणि दीड वर्ष वाट पाहिली. मग पाचव्या वर्षी अशी शाळा शोधली जिथे तो बाकी विषयांना बरोबरीच्या मुलांत आणि गणिताला वरच्या वर्गात बसेल. आठव्या वर्षी तो माध्यमिक शाळेत गणित-विज्ञान वरच्या मुलांबरोबर आणि बाकीचे विषय खालच्या वर्गात शिकत होता. कुठल्या विषयात किती पुढे न्यायचं याचा निर्णय विषयागणिक होत राहिला. २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं. त्याच वर्षी ‘शास्त्र’ नावाच्या विद्यापीठाचा रामानुजन पुरस्कारही मिळाला. हा पुरस्कार कुंभकोणममध्येच दिला जातो.

मराठी माध्यमाच्या साध्या शाळेतही असल्या लहान सोयी शक्य असतात. गणिताच्या तासाला पाचवीचा मुलगा सातवीच्या वर्गात बसला तर वेळापत्रकातला एक तास इकडचा तिकडे होतो, बाकी काही नाही. धडा शिकवण्याआधीच त्याची चाचणी घ्यावी, येत असेल तर त्या तासाला त्याला ग्रंथालयात दुसरं काम द्यावं. पन्नास उदाहरणांऐवजी शेवटची पाच अवघड उदाहरणं द्यावीत. आणि कृपा करून ‘याचं झालंय ना, मग हा मागच्या बाकावरच्या तिघांना शिकवेल’ ही सोय कायमची लावू नये. कधीतरी ठीक. रोज केलं तर मुलाच्या वाट्याला बिनपगारी मास्तरकी येते आणि शिक्षण राहून जातं. टाउन हायस्कूलने रामानुजनला वेळापत्रक लावायला दिलं, ते कोडं होतं, हमाली नव्हती.

कायद्यात पाय ठेवायला जागा आज आहे का? आहे, थोडीशी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष कल असलेल्या मुलांबद्दल वेगळा मजकूर आहे. शिक्षकांनी अशा मुलांना पूरक साहित्य आणि मार्गदर्शन द्यावं, शाळांनी विषयवार मंडळं चालवावीत, असं तिथे म्हटलं आहे. धोरण हा काही कायदा नव्हे, त्यावर शाळेला कोर्टात खेचता येत नाही. पण मुख्याध्यापकांना फाइलवर लिहायला एक ओळ लागते, ती मिळते. रामानुजनचा घात करणारा ‘सगळ्या विषयांत एकदमच पास’ हा फासही आता बराच सैल झाला आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, एकेका विषयात पास होत जाता येतं, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. दहावीला चौदा आणि बारावीला पंधरा वर्षं पूर्ण असली की चालतं. रामानुजनला ही सोय असती तर शरीरशास्त्रापायी त्याचं गणित अडलं नसतं. मुलाला लेखनात खरीच अडचण असेल, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, तर ते वेगळं तपासून घ्यावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता मोडते आणि तिथे सवलती हक्काने मिळतात. गणितात तल्लख आणि लिहिताना अडणारी मुलं असतात. हुशारी दोष झाकते आणि दोष हुशारी झाकतो, मग शाळेला मध्यम मूल दिसतं.

नियमाचं दार मात्र सगळीकडे सारखं उघडत नाही. मुंबईतल्या एका मराठी घरातल्या मुलीने सातवीच्या सुमारास शाळा सोडली आणि घरी संगणकाचा अभ्यास केला. आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तिने देशासाठी दोन रौप्य आणि एक कांस्य पदक आणलं. दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नाही म्हणून आयआयटीत जाता येईना. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटने मात्र तिची पातळी तपासून तिला थेट एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात बसू दिलं. २०१६ मध्ये तिला अमेरिकेत एमआयटीने शिष्यवृत्तीसह घेतलं. वर्तमानपत्रांनी तेव्हा तिच्या आईच्या धाडसाचं कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण जी गोष्ट मद्रासला १९१३ मध्ये सिंडिकेटच्या एका बैठकीत सुटली, ती आपल्या सर्वांत नामांकित संस्थांना शंभर वर्षांनी सोडवता आली नाही, हेही तेव्हा कुणीतरी म्हणायला हवं होतं.

पालकांना एवढंच सांगणं. जूनमध्ये शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यातच वर्गशिक्षकांची वेळ मागा. निकालानंतर मे महिन्यात मागितलेली वेळ सुट्टीत विरते. विषयाच्या शिक्षकांना आधी भेटा, मुख्याध्यापकांकडे नंतर जा, आणि शक्य झालं तर त्या शिक्षकांना बरोबर घेऊनच जा. मुलाच्या वह्या, सोडवलेले वरच्या इयत्तेचे पेपर, आणि एका पानाचा अर्ज न्या. अर्जात एकच विषय, एकच सोय, आणि दिवाळीपर्यंतची मुदत. दिवाळीनंतर पुन्हा भेटून काय झालं ते पाहू, हे स्वतःहून लिहा. दुसऱ्या मुलांचं नाव काढू नका. शाळा बदलायची पाळी आलीच, तर जुन्या शाळेतल्या ज्या शिक्षकाला तुमचं मूल खरं कळलं होतं त्याच्याकडून नव्या शाळेच्या नावे पत्र लिहून घ्या.

शिक्षक हा लेख वाचत असतील तर त्यांनी ते पत्र मागायची वाट पाहू नये. बक्षीस समारंभात बोललेलं कागदावर उतरवून मुलाच्या हाती द्यावं. कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजातल्या त्या टेबलावर असा एक कागद हवा होता.